दिव्यांच्या अवसेला लाईट जाते: इलेक्ट्रिक ग्रिल पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल तर

सलग तीन वर्षं आमच्याकडे एकच नाटक. आषाढ अमावस्येला सकाळी घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि संध्याकाळी दीर, जाऊ, मुलं जमली की ओट्याखालून इलेक्ट्रिक ग्रिल बाहेर काढायचा. उद्यापासून श्रावण, म्हणजे आज गटारी. सुरमईच्या तुकड्या मसाला लावून तयार. प्लग लावला, नॉब फिरवला, पाच मिनिटं होत नाहीत तोच अख्खं घर अंधारात. पंखा बंद, फ्रीज बंद, टीव्ही बंद. सकाळी पुजलेले दिवे मग खरंच लावायला लागायचे. सासूबाई म्हणायच्या, "चला, दिव्यांची अवस रीतसर साजरी झाली."

पहिल्या वर्षी आम्ही वीज कंपनीला नावं ठेवली. खिडकीतून बघितलं तर समोरच्या बिल्डिंगमध्ये लख्ख उजेड. दुसऱ्या वर्षी जुन्या वायरिंगवर खापर फोडून ओट्याजवळचा सॉकेट बदलून घेतला. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच, तेव्हा दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. त्याने ग्रिलला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला: "वहिनी, खटका कुठला पडला?" आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तीन वर्षं आम्ही अंधारात टॉर्च धरून खाली पडलेलं जे काही दिसेल ते वर ढकलत होतो. कुठलं पडलंय हे कुणीच पाहिलं नव्हतं.

तुमचा ग्रिलही असाच त्रास देत असेल तर सुरुवात तिथूनच करा. खटका कुठला पडला आणि ग्रिल चालू केल्यापासून किती वेळाने पडला. एवढ्या दोन उत्तरांत निम्मं निदान होतं.

डब्यातले दोन प्रकारचे खटके

मेन बोर्डच्या डब्यात छोट्या एमसीबींची, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, रांग असते. एक स्वयंपाकघराचा, एक एसीचा, एक दिव्यांचा. त्यांच्या आधी एक रुंद खटका असतो, त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. तो ईएलसीबी. आता बाजारात त्याला आरसीसीबी म्हणतात, पण वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात.

दोघांची कामं वेगळी. एमसीबी बघतो की वायरमधून करंट जास्त तर जात नाही ना. ईएलसीबीला किती जातो याच्याशी देणंघेणं नाही. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, जेवढा गेला तेवढा न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत आला का, एवढंच तो मोजतो. वाटेत कुठे गळत असेल, ग्रिलच्या पत्र्यातून अर्थमध्ये किंवा देव न करो, तुमच्या अंगातून जमिनीत, तर तो पडतो. घरातले ईएलसीबी साधारण 30 मिलीअँपिअरचे असतात, आणि प्रत्यक्षात 15 ते 30 च्या मध्ये कुठेही पडू शकतात.

तर आता ताडून बघा. ईएलसीबी पडत असेल, लगेच किंवा दोन-चार मिनिटांत, तर ग्रिलला ओल धरली आहे असा पहिला संशय घ्या. एमसीबी पंधरा-वीस मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त होतोय. नॉब फिरवताक्षणी एमसीबी ठाप्पकन पडला तर शॉर्ट आहे; तो ग्रिल पुन्हा लावून बघायचाच नाही, थेट दुरुस्तीला. आणि काहीच पडत नाही पण प्लग हाताला चटका देतोय, तर प्रकरण सॉकेटचं आहे. ते सगळ्यात गुपचूप वाढतं, म्हणून त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

ईएलसीबी पडतो: रॉडमध्ये पाणी

आमचा आजार हा होता. ग्रिल थर्टीफर्स्टला वापरायचा आणि धुऊन ओट्याखाली, सिंकच्या पाइपाशेजारी ठेवून द्यायचा. मग थेट आषाढात काढायचा. मधले सहा महिने तो तिथे दमट हवा पीत बसलेला. आमची इमारत माहीमची, समुद्र चालत दहा मिनिटांवर. जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, पापड मऊ पडतात. ग्रिल त्यातून कसा सुटेल?

वायरमनने मला रॉड समजावला तो असा. बाहेरून दिसते ती धातूची नळी. तिच्या आत मधोमध नायक्रोमची बारीक वेटोळी तार, तीच तापते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण कोरडी असेल तोवरच. तिला पाणी ओढून घ्यायची खोड आहे, आणि नळीच्या टोकांची सील जुनी झाली की हवेतली ओल आत शिरते.

"पावसाळ्यात मिठाच्या बरणीत काय होतं वहिनी? तेच या नळीत झालंय."

त्याने मेगर लावला, म्हणजे वीज कुठे गळते का ते मोजायचं यंत्र. एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं ग्रिलच्या पत्र्याला, आणि हँडल फिरवायला लागला. काटा शून्यावरून हलेना. म्हणजे तार आणि पत्रा यांच्यामध्ये अडवणारं काही उरलंच नव्हतं. ग्रिल मेला म्हणून मी हळहळले, तर म्हणाला, "मेलेला नाही, सर्दी झालीय." तो ग्रिल दुकानावर घेऊन गेला, दोन दिवस कोरड्या उबेत ठेवून त्याने वाळवला. परत आणला तेव्हा माझ्यासमोर पुन्हा मेगर फिरवला. काटा पाच मेगओहमच्या पुढे जाऊन थांबला, म्हणजे वीज अडवणारी पूड पुन्हा कामाला लागली. तोच ग्रिल, तोच रॉड, एक पैचा पार्ट बदलला नाही.

घरी काय करता येईल? ऊन असेल तर प्लेट आणि ट्रे काढून ग्रिलचं नुसतं शरीर दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. जुलैत ऊन कुठलं, तर पंख्याच्या थेट झोतात, कोरड्या खोलीत. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी एसीच्या खोलीत ठेवावा, तिथली हवा कोरडी असते. मग लावताना नॉब सगळ्यात कमीवर ठेवून पंधरा-वीस मिनिटं रिकामाच चालवायचा, कोणी पत्र्याला हात लावायचा नाही. रॉड सावकाश तापला की उरलीसुरली ओल निघून जाते. तरी ईएलसीबी पडलाच तर आग्रह करू नका. एकदा पडला म्हणजे योगायोग असेल, दोनदा पडला म्हणजे वायरमन.

एक बारकावा. फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांचीही थोडीथोडी गळती असतेच, ती सगळी ईएलसीबीच्या एकाच हिशेबात धरली जाते. त्यामुळे कधीकधी ग्रिल एकटा असताना चालतो आणि वॉशिंग मशीन सुरू झालं की ईएलसीबी पडतो. दोष मशीनचा वाटतो, असतो ग्रिलचा. ग्रिलचा प्लग काढून नुसतं वॉशिंग मशीन चालवून बघितलं की उलगडा होतो.

आता ती गोष्ट जी आमच्या घरात घडता घडता राहिली. दुसऱ्या वर्षी दीर म्हणाले, "त्यात काय, अर्थची पिन बाजूला करून टू-पिनवर लावू, बघा पडतो का." पडला नसता, हे खरं आहे. करंट गळायला अर्थची वाट उरली नसती, म्हणून ईएलसीबी गप्प बसला असता, आणि ग्रिलच्या पत्र्यावर 230 व्होल्ट वाट बघत बसले असते. मी नुकती कोळंबी धुऊन ओल्या हातांनी, अनवाणी, ओल्या लादीवर उभी. पुढचं मला विचारायचं नाहीये. दीर हुशार आहेत, बँकेत आहेत, पण हा सल्ला मुंबईत दर दुसऱ्या घरात कोणीतरी देतं, म्हणून लिहिलं. ईएलसीबी पडतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, तो कामावर असतो.

जुन्या चाळीत, जुन्या बिल्डिंगीत ईएलसीबीच नसतो, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतात. तिथे हाच बिघाड अंधार करत नाही, तो ग्रिलला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखा जाणवतो. "जरासा करंट मारतो" म्हणून लोक चप्पल घालून वापरतात. नका वापरू. ग्रिल घेण्याआधी ईएलसीबी बसवून घ्या. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी दोन-तीन महिन्यांतून एकदा ते टेस्टचं बटण दाबून बघावं. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा आहे.

एमसीबी वीस मिनिटांनी पडतो: लोड

हा थर्टीफर्स्टचा रोग. आमचा ग्रिल 2000 वॉटचा, हे त्याच्या पोटाखालच्या लेबलवर छापलंय. 230 ने भागा, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास येतं. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये ओट्याचा पॉवर पॉइंट आणि बाथरूमचा गिझर एकाच वायरवर, एकाच 16 अँपिअरच्या एमसीबीवर. डिसेंबरची थंडी म्हणून पाहुण्यांपैकी कोणीतरी हातपाय धुवायला गिझर लावला, 2000 वॉट. जाऊबाईंनी मायक्रोवेव्हमध्ये भात गरम करायला ठेवला, तो ओढतो 1200. झाले 5200, म्हणजे साडेबावीस अँपिअर.

लोकांना वाटतं लोड जास्त झाला की एमसीबी लगेच पडतो. नाही पडत. थोडक्या जास्त करंटला तो सहन करतो, आत एक दोन धातूंची पट्टी असते ती हळूहळू तापून वाकते, मग पडतो. एमसीबीच्या मानकात असं आहे की क्षमतेच्या 1.45 पट करंटला त्याने तासाभराच्या आत पडलं पाहिजे. तासाभरात! म्हणजे मासे अर्धे भाजून झाले, सगळे ताटं घेऊन बसले, की त्याची पट्टी वाकते. म्हणून "मघाशी तर चालत होता" हे वाक्य हमखास ऐकू येतं.

उपाय सरळ आहे: ग्रिल चालू असताना त्या लाइनवर गिझर, मायक्रोवेव्ह, किटली, इस्त्री काही नको. कुठली वस्तू कुठल्या एमसीबीवर आहे हे एकदा रविवारी एकेक खाली करून बघून ठेवा आणि डब्याच्या झाकणावर आतून लिहून चिकटवा. मात्र 16 चा एमसीबी काढून 25 चा बसवून घ्यायचा शहाणपणा करू नका. मग एमसीबी पडणार नाही, भिंतीतली वायर तापेल, आणि ती तापलेली तुम्हाला दिसत नाही.

प्लग तापतो, आणि तो वास

स्वयंपाकघरात दोन आकाराचे सॉकेट असतात. छोटा 6 अँपिअरचा, जुन्या भाषेत 'पाचचा', आणि मोठा 16 चा, 'पंधराचा'. छोट्यावर जास्तीत जास्त 1380 वॉट घेता येतात. ग्रिलचा जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही, तो मुद्दामच बसत नाही. पण दुकानात वीस-तीस रुपयांना कन्व्हर्टर मिळतो, एका बाजूला जाड भोकं, दुसऱ्या बाजूला बारीक पिना, आणि आपण तो आनंदाने घेतो. एक्स्टेंशन बोर्डाचं तेच. बहुतेक बोर्ड 6 अँपिअरचे, वायर बारीक, त्यातून गुंडाळी तशीच ठेवलेली. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर जायला जागा नसते. शिवाय लांब बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं ते वेगळंच. ग्रिलला 230 ऐवजी 200 मिळाले तर त्याची ताकद चौथ्या हिश्शाने कमी होते, 2000 चे 1500 वॉट. "ग्रिल तापतच नाही" अशी तक्रार असेल तर आधी एक्स्टेंशन काढा.

वासाचा किस्सा सांगायलाच हवा. एका पावसाळ्यात ग्रिल चालू असताना हॉलमध्ये खराब मासळीचा वास यायला लागला. नवऱ्याने सुरमई आणलेली सिटीलाइट मार्केटातून. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे बर्फातली. मी म्हटलं, "अहो, कोळणीने फसवलं तुम्हाला." मासे हुंगून झाले, मसाला हुंगून झाला, ओट्याखालचा कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर ठेवून आलो. मासे चांगले होते. वास येत होता सोफ्यामागच्या कन्व्हर्टरमधून. तापलेल्या प्लग-सॉकेटच्या काही प्लॅस्टिकला अगदी सडक्या मासळीसारखा वास येतो. प्लग ओढला तर एक पिन काळी पडलेली आणि भोकाभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी. मासे खाणाऱ्या घरात हा वास कुणाच्या लक्षात यायचा! म्हणून सवय लावून घेतलीय: ग्रिल सुरू करून दहा मिनिटांनी मुख्य बटण बंद करायचं, प्लग काढायचा, पिनांजवळ हात न्यायचा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदला, आतली पत्ती सैल झालीय.

परदेशातल्या भाच्याने आणलेला ग्रिल असेल तर लेबल वाचल्याशिवाय लावूच नका. अमेरिकेतला 120 व्होल्टचा ग्रिल आपल्याकडे साध्या पिन-अडॅप्टरवर लावला तर तो साडेतीनपटीहून जास्त ताकद ओढतो. आमच्या शेजारच्यांचा पहिल्याच मिनिटात गेला. त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मर ग्रिलपेक्षा जड आणि महाग. दुसरा घ्या.

धूर: इथे पाणी हवं

रॉडमध्ये पाणी नको, पण ट्रेमध्ये हवंच. उघड्या रॉडच्या ग्रिलला खाली जो ट्रे असतो तो नुसता रस्सा गोळा करायला नाही. त्यात खुणेपर्यंत पाणी घातलं की वरून पडणारी चरबी पाण्यात पडून थंड होते. पाणी नसेल तर ती तापलेल्या ट्रेवर पडून धुमसते आणि पाच मिनिटांत घर लालबागच्या मसाल्याच्या गिरणीसारखं होतं. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद, त्यात हा धूर. अर्ध्या तासात पाणी आटतं, ते बघत राहायचं. भरताना ग्रिल बंद करून, कडेने, हळू. तापल्या रॉडवर वरून पाणी ओतलं तर वाफेने हात भाजतो आणि रॉडची सीलही तडकू शकते.

धुराचं दुसरं कारण तेल. रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास धूर सोडतं, घाण्याचं शेंगदाणा तेल 160 च्या आसपासच. लोणी तर त्याहून नाजूक. म्हणून घाण्याचं तेल फोडणीला ठेवा, ग्रिलला रिफाइंड. तेही प्लेटवर ओतायचं नाही, माशाला बोटाने पुसायचं. तिसरं कारण रवा. आपल्याला सुरमई रव्याशिवाय सुरमई वाटत नाही, पण ग्रिलच्या सळ्यांवरून रवा खाली गळतो आणि जळतो. रवा लावायचा असेल तर तवा काढा. ग्रिलला फक्त आलं-लसूण-कोकमाचा आगळ, हळद, तिखट, आणि तेही भाजायच्या आधी बोटाने निपटून काढलेलं. लसणाचे कण काळे होऊन कडू लागतात.

नॉनस्टिक प्लेट फुल्लवर रिकामी तापवत ठेवून फोनवर बोलत बसू नका. 260 अंशांच्या पुढे तो थर खराब व्हायला लागतो, आणि त्याचा धूर पक्ष्यांना मारक आहे. स्वयंपाकघराजवळ पोपट, लव्हबर्ड असतील तर पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या.

आणि लाईट गेलीच, तर "चला, कोळशाची शेगडी पेटवू" हा विचार बंद घरात, बंद बाल्कनीत अजिबात नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड झालं म्हणून माणूस आडवा होतो तो उठत नाही. इलेक्ट्रिक ग्रिलचा मोठा फायदा हाच की तो हे करत नाही.

चिकटतं, तुटतं, शिजत नाही

मासे चिकटण्याच्या तक्रारीत दहात आठ वेळा मासे ओले असतात. पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूसपणा यायला त्याच्या बराच वर जायला लागतो, 140 च्या पुढे. तोवर तुमचा मासा भाजत नाही, उकडतो. बर्फातली सुरमई तर पाणी सोडतच राहते. मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टाका, जुन्या सुती पंच्याने टिपून घ्या, मग मसाला. ग्रिल आठ-दहा मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो थुईथुई नाचायला हवा, नुसता चर्र होऊन बसला तर अजून वेळ आहे. बोटभर जाड तुकडी एका बाजूने चार-पाच मिनिटं. मधे कालथा खुपसून बघायचं नाही. भाजली की ती आपणहून सुटते. सुटत नाही म्हणजे भाजली नाही.

एकाच वेळी प्लेट गच्च भरायची नाही. आमच्या घरी पहिल्यांदा दीड किलो चिकन एकदम मांडलं होतं. प्लेट थंड पडली, चिकनने पाणी सोडलं, आणि जाऊबाई म्हणाल्या, "हे ग्रिल्ड नाही, आजारी माणसाचं आहे." तुकड्यांमध्ये बोट जाईल एवढी जागा ठेवा. चिकन आतपर्यंत 74 अंशांना गेलं पाहिजे, माशाला 63 पुरतात. थर्मामीटर घरी नसेल तर हाडाशी चिरून बघा, गुलाबी रस नको. हाडाच्या तंगड्या या छोट्या ग्रिलवर वरून करपतात आणि हाडाशी कच्च्या राहतात. त्या आधी कुकरला एक शिट्टी देऊन घ्याव्यात, किंवा सरळ बोनलेस घ्यावं. कोळंबीला दोन-दोन मिनिटं पुरे. पापलेट अख्खं, तिरप्या चिरा पाडून, छान होतं. बोंबलाच्या वाटेला जाऊ नका. दाबून ठेवला तरी त्याच्यात पाणी इतकं की सळ्यांमधून खाली ट्रेमध्ये भेटतो. भरतासाठी वांगंही गॅसवरच भाजा, ग्रिलवर पाऊण तास लागतो आणि चव उकडल्यासारखी.

श्रावणात ग्रिल पुन्हा आत टाकायचा नाही. पनीर, मक्याचं कणीस, रताळ्याच्या चकत्या उत्तम होतात, आणि आठवड्यातून एकदा चालला की रॉड कोरडा राहतो. दोन्ही कामं एकदम.

ठेवायचा कुठे, धुवायचा कसा

चालू असताना गॅसच्या शेगडीवर ठेवायचा मोह होतो, कारण ओट्यावर तेवढीच सपाट जागा आणि वर चिमणी. नको. चुकून एक बटण फिरलं की खालून गॅस, वरून ग्रिल. आम्ही कडाप्प्याच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवतो, भिंतीपासून वीतभर लांब, पडदा बांधून, वायर ओट्याखाली लोंबणार नाही अशी. शेजारी नळ नको. एक्झॉस्ट फॅन आधी सुरू, ग्रिल नंतर.

धुताना प्लेट आणि ट्रे नळाखाली, स्टीलच्या घासणीशिवाय. रॉड आणि त्याला जोडलेला नॉबचा भाग पाण्यात बुडवायचा नाही, गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्या. नॉबची कांडी जिथे घुसते ते भोक खास बघा, तिथे पाणी साचतं आणि पिना हिरव्या पडतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे लवकर दिसतं.

आमचा ग्रिल आता ओट्याखाली नसतो. माळ्यावर, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पाच-सहा पुड्या, तोंड रबराने बांधून. पिशवीवर सासूबाईंनी जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलंय, दर महिन्याला चालवला की त्या तारखेवर पेन्सिलीने खूण करतात. जूनची खूण राहिली होती, त्या परवा मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, त्याला एकदा ऊब दे, अवस आली जवळ."